वारं गेल्यानंतरची उदासी आणि पाच सूर

बीड जिल्ह्यात ‘पक्षाघात’ हा शब्द बहुधा केसपेपरवरच भेटतो. घरात, पारावर, एसटीच्या बाकावर लोक म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ वारं आलं आणि गेलं, जाताना एक हात, एक पाय आणि कधी कधी वाचाही घेऊन गेलं, असा या शब्दांचा अर्थ. दवाखान्यातले दहा-पंधरा दिवस धावपळीत जातात. सीटी स्कॅन, सलाईन, उसनवारी, पाहुण्यांची रीघ. मग माणूस घरी येतो, ओसरीवरच्या बाजेवर बसू लागतो आणि सगळे म्हणतात, ‘वाचला बाबा, आता बरं आहे.’

खरी अडचण पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. सून म्हणते, ‘आबा, दोन घास खा की.’ आबा भिंतीकडे तोंड करतात. व्यायाम शिकवायला आलेल्या माणसाला हात लावू देत नाहीत. रात्री टक्क जागे असतात, दिवसा डोळे मिटून पडतात. पूर्वी शेताची, बैलांची, नातवाच्या शाळेची चौकशी करणारा माणूस काहीच विचारत नाही. घरचे आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणते हट्टी झालेत, कोणी म्हणते वयच झाले, कोणी म्हणते मनाला लावून घेतलेय. यातले काहीच नसते असे नाही, पण यामागे एक आजारही असू शकतो. त्याचे नाव पक्षाघातानंतरचे नैराश्य.

जगभरच्या पाहण्यांतून साधारण एकच आकडा पुढे येतो. पक्षाघातातून वाचलेल्या दर तीन माणसांपैकी एकाला पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी नैराश्य येते. ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न किती मोठा असावा, याचा अंदाज गडचिरोलीतून येतो. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात तिथल्या 86 गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झाले होते, जवळपास सातातला एक. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार’ ही समजूत मोडीत निघाली. गडचिरोली आणि बीड यांत अंतर बरेच आहे. मात्र न तपासलेला रक्तदाब, तंबाखू आणि लांबचा दवाखाना या गोष्टी दोन्हीकडे आहेत.

नैराश्य का येते? एक कारण उघड आहे. कालपर्यंत औत हाकणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा घर चालवणाऱ्या माणसाला आज धोतर नेसायला दुसऱ्याचा हात लागतो. दुसरे कारण मेंदूतच असते. मनःस्थिती सांभाळणारे मेंदूचे भाग एकमेकांशी ज्या तंतूंनी जोडलेले असतात, ते तुटतात आणि रासायनिक निरोपांची ये-जा बिघडते. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा झाली की नैराश्य जास्त येते, असे एक मत 1980च्या दशकात फार गाजले होते. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ते टिकले नाही. इजा कुठेही असो, नैराश्य येऊ शकते.

आणि ते नुसते दुःख नसते. उदास माणूस व्यायाम करत नाही. गोळ्या चुकवतो, जेवण टाळतो. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने मेंदू नवे रस्ते शोधण्याच्या तयारीत असतो. नेमके तेच महिने वाया जातात. नैराश्य आलेल्या रुग्णांची सुधारणा मंद होते आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. पक्षाघातानंतर काही जणांना क्षुल्लक कारणाने रडू कोसळते, कधी हसूही आवरत नाही आणि दोन मिनिटांत सारे शांत होते. पाहुणा दारात दिसला की रडू, टाळ वाजला की रडू. हे नैराश्यच असते असे नाही. भावनांना लगाम घालणारी मेंदूतली यंत्रणा सैल झाल्याचे ते लक्षण असते आणि त्यावर वेगळा उपाय असतो. उलट खरा उदास माणूस कदाचित रडतही नाही. त्याला कशातच रस उरत नाही, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ हे चालले तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

औषधे आहेत आणि ती उपयोगी पडतात. पण सगळ्यांना सरसकट आधीच देऊन ठेवावीत का? ब्रिटनमध्ये 3,127 रुग्णांवर झालेल्या ‘फोकस’ चाचणीत पक्षाघातानंतर सहा महिने फ्लुओक्सेटिन देऊन पाहिले गेले. 2018 मध्ये आलेला निष्कर्ष दुहेरी होता. नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण घटले, परंतु हात-पाय चालण्यात फायदा झाला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. आधीच तोल जाणाऱ्या माणसाला ही किंमत थोडी नाही. औषध गरज असलेल्यालाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे, हे यातून स्पष्ट होते. मग बाकीच्यांसाठी, किंवा औषधाच्या जोडीला, दुसरे काय करता येईल, हा शोध सुरू राहतो. त्या शोधातला एक रस्ता चीनमध्ये जातो.

चिनी लिपीत ‘औषध’ या अर्थाचे जे पारंपरिक चिन्ह आहे, त्यात ‘संगीत’ या चिन्हावर गवताची खूण काढलेली असते. भाषातज्ज्ञ सांगतात की ते चिन्ह तिथे उच्चारासाठी आले आहे. तरी चिनी वैद्यांना ही जोडी फार आवडते, आणि त्याच संगीताच्या चिन्हाचा दुसरा अर्थ ‘आनंद’ असल्याने त्यांची सोयही होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात पाच सुरांची सांगड पाच तत्त्वांशी, पाच अवयवांशी आणि पाच भावनांशी घातलेली आहे. गोंग हा सूर मातीचा, प्लीहेचा आणि चिंतेचा. शांग धातूचा, फुप्फुसांचा आणि शोकाचा. ज्युए लाकडाचा, यकृताचा आणि रागाचा. झी अग्नीचा, हृदयाचा आणि हर्षाचा. यू पाण्याचा, मूत्रपिंडांचा आणि भीतीचा.

आज चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णाची नाडी, जीभ, झोप, चिडचिड पाहून वैद्य ‘प्रकृतिबिघाड’ ठरवतो. त्यानुसार त्या त्या सुरावर आधारलेली धून ऐकवली जाते, बहुधा गुझेंग, पिपा, अरहू अशा वाद्यांवरची. कधी त्याच वेळी ॲक्युपंक्चरच्या सुयाही टोचलेल्या असतात. रोजची औषधे आणि व्यायाम चालूच असतात.

हे ऐकताना बीडच्या वाचकाला सगळे दूरचे वाटेल. पण पेटीपुढे बसून पाहिले तर गंमत कळते. गोंग, शांग, ज्युए, झी, यू हे पाच सूर म्हणजे आपले सा, रे, ग, प, ध. म्हणजे चक्क भूप! गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला पहिल्या वर्षी जो राग शिकतो, तोच. आता हेच पाच सूर ठेवून ‘रे’ला षड्ज मानला की मध्यमाद सारंगाचे सूर मिळतात. ‘ग’ला षड्ज केले की मालकंस, ‘प’ला केले की दुर्गा आणि ‘ध’ला केले की धानी. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. चिनी वैद्य ज्या सुरावलीला यकृताची आणि रागाची मानतो, ती सुरांच्या हिशेबाने आपल्या मालकंसाच्या घरची निघते. रागासाठी राग, असा श्लेष मराठीतच शक्य आहे. अर्थात सूर तेच असले तरी चाल, ठहराव, मींड वेगळी, त्यामुळे चिनी धून ऐकून कोणाला भूप आठवेलच असे नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. याने नैराश्य कमी होते का? चीनमधल्या बऱ्याच चाचण्यांत नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिलेल्या रुग्णांचे नैराश्याचे गुण अधिक उतरलेले दिसतात. मात्र चाचण्या लहान असतात आणि आपल्याला संगीत मिळतेय की नाही हे रुग्णाला साहजिकच ठाऊक असते. रोज अर्धा तास कोणी आपल्याकडे लक्ष देते, याचाही परिणाम होतो आणि तो सुरांपासून वेगळा काढणे कठीण जाते. सगळ्यात महत्त्वाचे, यकृताचा सूर दिला म्हणून बरे वाटले की आवडती धून ऐकली म्हणून, हे या चाचण्यांतून ठरत नाही. मेंदूच्या इजेनंतरच्या संगीतोपचाराचा आढावा ‘कोक्रेन’ या जगन्मान्य गटाने 2017 मध्ये घेतला. त्यात 29 चाचण्या आणि 775 रुग्ण होते. ठेक्यावर चालण्याचा सराव केल्याने चाल सुधारते, याला बऱ्यापैकी आधार मिळाला. नैराश्याबाबत ठाम बोलण्याइतका पुरावा जमलेला नव्हता.

आपल्याकडेही अमुक राग अमुक रोगावर असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. रक्तदाबाला हा राग, निद्रानाशाला तो. चिनी तक्त्याला जो प्रश्न विचारायचा, तोच या तक्त्यालाही विचारायला हवा. आपला म्हणून त्याला सूट नाही.

तरीही संगीत बाजूला ठेवावे असे नाही, कारण एक चांगला अभ्यास फिनलंडमधून आला आहे. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात होऊन थोडेच दिवस झालेल्या 60 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर संगीत ऐकले. दुसऱ्याने तेवढाच वेळ ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली. तिसऱ्याला नेहमीचे उपचार तेवढे मिळाले. 2008 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात निकाल आला. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारले, आणि ज्यांना काहीच ऐकवले नव्हते त्यांच्यापेक्षा ते कमी उदास, कमी गोंधळलेले होते. या अभ्यासात संगीत कोणते होते? ज्याला जे आवडते ते. कोणाला पॉप, कोणाला जॅझ, कोणाला लोकगीते. पुढे 2020 मध्ये त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. शब्द असलेली गाणी नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा स्मरणशक्तीला अधिक उपयोगी पडली.

मेंदूत काय घडते याचा एक धागा कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 2011 मध्ये सापडला. अंगावर काटा आणणारे संगीत ऐकताना मेंदूच्या खोल भागात डोपामाइन स्रवते, आणि ते आवडती जागा येण्याआधीच, ती येणार या आशेनेच स्रवू लागते. हा प्रयोग निरोगी माणसांवर झाला होता. पण उदास माणसाची नेमकी हीच ‘पुढे काहीतरी चांगले येणार आहे’ ही जाणीव हरवलेली असते. कीर्तनकार चाल घेऊन चढत जातो आणि समेवर मृदंगाची थाप पडायच्या आधीच मांडव डोलू लागतो, हे बीडमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

वाचा गेलेल्यांची कथा आणखी वेगळी. 1745 मध्ये ओलोफ दालिन या स्वीडिश लेखकाने एका माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याला बोलता येत नव्हते, पण पाठ असलेली प्रार्थनागीते तो गाऊ शके. ‘पाणी’ म्हणता न येणारे आजोबा सगळ्यांबरोबर आरतीची ओळ पूर्ण करतात, तेव्हा घरचे चमत्कार म्हणतात. तो चमत्कार नाही, आणि ‘बोलता येतं पण मुद्दाम बोलत नाहीत’ असाही त्याचा अर्थ नाही. नवे वाक्य जुळवणे हे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूचे काम असते. घोटून पाठ झालेले शब्द, सूर आणि ठेका यांचा पसारा दोन्ही बाजूंना असतो. बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये याच आधारावर सुरांच्या चढउतारातून बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. त्यात रुग्ण छोटे वाक्य गुणगुणतो आणि दर अक्षराला डाव्या हाताने ठेका देतो. जर्मन संशोधकांनी 2011 मध्ये 17 रुग्णांना तपासून असे सुचवले की, यात खरे काम चालीपेक्षा ठेका आणि ओळखीचे शब्द करतात. तसे असेल तर टाळ हातात असलेल्या माणसाची बाजू भक्कम आहे.

बीड जिल्ह्यात या सामग्रीची वानवा नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांचे ठाणे असलेल्या अंबाजोगाईपासून नारायणगडापर्यंत भजन-कीर्तनाची परंपरा आहे, आणि हरिनाम सप्ताह न होणारे गाव शोधावे लागेल. पण संगीत म्हणजे फक्त भजन नव्हे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या 1990च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या लाखभर संग्रहात त्या आहेत. ज्या आजीने तरुणपणी पहाटे दळताना ओव्या म्हटल्या, तिच्यासाठी त्या ओव्याच औषधाच्या जवळ जाणाऱ्या. कोणासाठी भीमगीत, कोणासाठी कव्वाली किंवा नात, कोणासाठी तमाशातली लावणी, तर कोणासाठी सत्तरच्या दशकातली सिनेमाची गाणी. वारं गेलेल्या माणसाने आता देवाचेच ऐकावे, असा घरच्यांचा आग्रह असतो. तो मोडायला हरकत नाही. आयुष्यभर लावणीवर जीव टाकलेल्या आबांना अखंड हरिपाठ लावून देणे म्हणजे त्यांच्यावरचा आणखी एक अंमल.

घरी हे करायचे तर फार काही लागत नाही. माणूस काय ऐकायचा, हे त्याच्या जुन्या मित्राला विचारावे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास पुरतो. आवाज बेताचा हवा. चौकातला भोंगा कानावर आदळणे हा उपचार नव्हे. मोबाइल उशाशी लावून शेतावर निघून जाणेही नव्हे. कोणीतरी शेजारी बसावे, ओळ अर्धी सोडून थांबावे आणि ती त्यांना पुरी करू द्यावी. हातात थोडी ताकद असेल तर व्यायाम शिकवणाऱ्याला विचारून टाळ किंवा चिपळी द्यावी. घास तोंडात असताना गायला लावू नये. पक्षाघातानंतर गिळण्याची अडचण असते आणि ठसका जिवावर बेतू शकतो. काही जणांना मेंदूच्या इजेमुळे सूर ओळखताच येत नाहीत, ओळखीचे गाणेही भांड्यांच्या खणखणाटासारखे वाटते. त्यांनी हात हलवून नको म्हटले तर ते नकोच. आणि एखादे गाणे गेलेल्या माणसाची आठवण काढून आणखी खोल ढकलत असेल, तर तेही बदलावे.

गोळ्यांना मात्र हा पर्याय नाही. रक्तदाबाची गोळी बंद करून भूप ऐकणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला बोलावणे. ‘मला कशाला वाचवलं’, ‘तुमच्यावर भार झालो’ अशी वाक्ये वारंवार येऊ लागली, जेवण सुटले, तर गाण्यावर भिस्त ठेवू नये. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धांचे आरोग्य आणि मानसिक आजार यांसाठी केंद्र उभारले गेले. करोनाच्या साथीत त्याच ठिकाणी कोविड रुग्णालय चालले, म्हणून अनेकांना ते त्याच नावाने आठवते. प्रवास जमत नसेल तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे यांपैकी काही अचानक दिसले तर 108ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. मालिशवाल्याकडे आधी जाऊन आलेले बरेच रुग्ण ही वेळ गमावून बसतात.

बीडपुरती एक गोष्ट मात्र कोणत्याही हेलसिंकीच्या अभ्यासात सापडणार नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, भांडी, लेकरे घेऊन मुलगा-सून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. मागे राहतात म्हातारी माणसे. वारं गेलेला बाप असेल तर त्याची काळजी म्हातारीवर किंवा शाळकरी नातवावर येते. जे पाच-सहा महिने कोणी शेजारी बसायला हवे, त्याच महिन्यांत घर रिकामे असते. अशा घरात संगीतोपचाराचा पहिला प्रश्न कोणता राग हा नसतो, कोण बसणार हा असतो.

त्याचे एक उत्तर गावातच बसलेले आहे. भजनी मंडळातली निम्मी माणसे साठीच्या पुढची असतात, ती टोळीबरोबर जात नाहीत. एकादशीचे भजन देवळातच झाले पाहिजे असा काही नियम नाही. पेटी, पखवाज आणि चार टाळ आबांच्या ओसरीवर मावतात. आशा कार्यकर्तीच्या वहीत रक्तदाबाचे आणि वारं गेलेल्यांचे नाव असतेच. तिने मंडळाच्या म्होरक्याला फक्त घर दाखवायचे. आबा पूर्वी मंडळात असतील तर त्यांचा टाळ कुठल्या खुंटीला आहे, हे त्याला आधीपासूनच माहीत असेल.